ई-स्पोर्ट्स खेळाडूची कारकीर्द: खेळणारा एक, मालक दुसरा

या पाठात आपण व्यावसायिक ई-स्पोर्ट्स खेळाडूची कारकीर्द कशी उभी राहते आणि ती कशामुळे अडचणीत येते, हे पाहणार आहोत. पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

• ई-स्पोर्ट्स आणि मैदानी खेळ यांतील मूलभूत फरक
• खेळाडूच्या उत्पन्नाचे मार्ग
• करारावर सही करण्यापूर्वी तपासायच्या बाबी

१. प्रस्तावना

२०१८ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सचा समावेश प्रात्यक्षिक खेळ म्हणून झाला. गुजरातमधील भुजच्या तीर्थ मेहता यांनी तेथे ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या धर्तीवरील संगणकीय खेळात कांस्यपदक मिळवले. प्रात्यक्षिक खेळ असल्यामुळे हे पदक अधिकृत पदकतालिकेत धरले गेले नाही. पुढच्या हांगझोउ स्पर्धांत मात्र ई-स्पोर्ट्सला पदकाचा पूर्ण दर्जा मिळाला. त्यासाठी निवडलेल्या आठ खेळांत हार्थस्टोन होता आणि भारताने त्यासाठी खेळाडूही निवडले होते.

परंतु २०२३ मध्ये स्पर्धा प्रत्यक्ष होण्याच्या काही महिने आधी हार्थस्टोन यादीतून वगळला गेला. त्यात खेळाडूंचा काही दोष नव्हता. हा खेळ तयार करणारी ब्लिझार्ड आणि चीनमध्ये तो चालवणारी नेटईझ या दोन कंपन्यांमधील करार जानेवारी २०२३ मध्ये संपला होता. त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि चीनमधील सर्व्हर बंद पडले. निवड झालेल्या खेळाडूंच्या हाती कौशल्य होते, पण खेळायला खेळच उरला नाही.

२. मूलभूत फरक

कबड्डीचा मालक कोण, असे विचारले तर उत्तर देता येणार नाही. स्पर्धा भरवणारे महासंघ असतात, लीगचे मालक असतात. पण कबड्डीची मालकी कोणाकडेच नाही. उद्या एखादी लीग बंद पडली, तरी गावच्या मैदानावर चुना टाकून सामना रंगतोच.

ई-स्पोर्ट्समध्ये तसे नसते. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा रायट गेम्स या कंपनीचा खेळ आहे, तर ‘डोटा २’ व्हॉल्व्ह या कंपनीचा. खेळ ही कंपनीची बौद्धिक संपदा आहे. तिच्या परवानगीशिवाय मोठी स्पर्धा भरत नाही आणि तिचे सर्व्हर बंद झाले की बहुतेक खेळ थांबतात. कंपनी वेळोवेळी खेळात बदलही करते. या बदलांना ‘पॅच’ म्हणतात. कालपर्यंत प्रभावी असलेले शस्त्र किंवा पात्र एका पॅचने दुबळे होऊ शकते. क्रिकेटमध्ये दर महिन्याला बॅटची रुंदी बदलू लागली तर फलंदाजाचे काय होईल, याची कल्पना करून पाहा.

या पाठाचा मुख्य मुद्दा असा: ई-स्पोर्ट्स खेळाडूची कारकीर्द त्याच्या कौशल्यावर उभी राहते, पण ती दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभी असते.

३. कारकिर्दीची रचना

बहुतेक खेळाडू किशोरवयात सुरुवात करतात. ऑनलाइन क्रमवारीत वर चढणे, मग हौशी संघ, खुल्या पात्रता फेऱ्या आणि शेवटी एखाद्या संस्थेशी करार, असा हा क्रम असतो. व्यावसायिक संघाचा दिवस म्हणजे दिवसभर गंमत नव्हे. इतर संघांबरोबर सराव सामने होतात. त्यांना ‘स्क्रिम’ म्हणतात. नंतर प्रशिक्षकासोबत त्या सामन्यांचे चित्रण पाहून चुका शोधल्या जातात. याशिवाय वैयक्तिक सराव वेगळा. संघातील एक जण सामना चालू असताना निर्णय घेतो. बोटांच्या वेगाइतकेच संवाद आणि निर्णय यांनाही महत्त्व असते.

दक्षिण कोरियाचे ली सांग-ह्योक, म्हणजेच ‘फेकर’, हे या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव. १९९६ मध्ये जन्मलेल्या फेकर यांनी २०१३ मध्ये व्यावसायिक पदार्पण केले आणि त्याच वर्षी लीग ऑफ लेजेंड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले. पुढे २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५ मध्येही ते विजेत्या संघात होते. हांगझोउ येथे सुवर्णपदक मिळवणाऱ्या कोरियन संघातही ते होते. २०२३ मध्ये हाताच्या दुखण्यामुळे त्यांना काही आठवडे बाहेर बसावे लागले. म्हणजे शरीराची किंमत येथेही मोजावी लागते. इतकी लांब कारकीर्द हा मात्र अपवाद आहे. शिवाय त्यांचा खेळ या सर्व काळात चालू राहिला, हेही विसरू नका.

‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’च्या खेळाडूंना तसे नशीब लाभले नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ब्लिझार्डने पुढील वर्षी या खेळाची व्यावसायिक स्पर्धामालिका होणार नाही, असे जाहीर केले आणि अनेकांची उपजीविका एका घोषणेने संपली.

४. उत्पन्नाचे मार्ग

उत्पन्नाचे चार प्रमुख मार्ग आहेत: संस्थेकडून मिळणारे मासिक वेतन, बक्षिसातील वाटा, प्रायोजकत्व आणि थेट प्रक्षेपणातून मिळणारे पैसे. बातमीत येते ते बक्षीस, पण सर्वांत बेभरवशाचेही तेच असते.

डोटा २ च्या ‘द इंटरनॅशनल’ या स्पर्धेचे उदाहरण घ्या. खेळातील विशिष्ट वस्तूंच्या विक्रीतून २५ टक्के रक्कम बक्षिसात जमा होत असे. २०२१ मध्ये बुखारेस्ट येथे हे एकूण बक्षीस ४ कोटी डॉलरवर गेले. २०२३ मध्ये व्हॉल्व्हने ही विक्रीची पद्धत बदलली आणि बक्षिसाची रक्कम ३५ लाख डॉलरच्याही आत आली. खेळाडूंचे कौशल्य दोन वर्षांत कमी झाले नव्हते. बदलला होता तो कंपनीचा निर्णय.

५. भारतातील अनुभव

भारतात हा धोका दुहेरी ठरला, कारण येथे शासनाचे निर्णयही निर्णायक ठरतात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ११८ ॲपमध्ये ‘पबजी मोबाइल’ होते. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती ‘बीजीएमआय’ आली. जुलै २०२२ मध्ये तीही ॲप स्टोअरवरून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. म्हणजे तीन वर्षांहून कमी काळात दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे दहा महिने, या खेळावर अवलंबून असलेल्यांना अनिश्चिततेत काढावे लागले. अवघ्या काही वर्षांच्या कारकिर्दीत वीस महिने किती मोठे, याचा हिशेब तुम्हीच करा. ज्यांच्याकडे प्रेक्षकवर्ग, समालोचनाचे कौशल्य किंवा दुसऱ्या खेळाचा सराव होता, त्यांना तग धरणे तुलनेने सोपे गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून केंद्रीय क्रीडा विभागाच्या कक्षेत आणले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यांपासून वेगळे केले. प्रवेशशुल्क व कामगिरीवर आधारित बक्षीस चालते, पैज चालत नाही. ‘हा जुगार नाही का?’ असे घरी विचारले गेले, तर हा फरक समजावून सांगता आला पाहिजे. मात्र ही मान्यता खेळ चालू राहील याची हमी देत नाही.

६. निर्णय घेताना

या क्षेत्रात जाऊ नका, असे हा पाठ सांगत नाही. जायचे असेल तर तीन गोष्टी पाहा.

• करार: खेळ उपलब्ध नसलेल्या महिन्यांत वेतन मिळेल का? बक्षिसातील वाटा किती आणि कधी? संस्था सोडताना अट कोणती? तोंडी आश्वासन नको, लेखी हवे.
• शिक्षण: पदवी सोडण्यापूर्वी दूरशिक्षणाचा किंवा एक वर्षाच्या खंडाचा पर्याय आहे का, याची महाविद्यालयात चौकशी करा.
• दुसऱ्या खेळातही उपयोगी पडणारे कौशल्य: विश्लेषण, प्रशिक्षण, समालोचन आणि स्पर्धा-व्यवस्थापन ही कौशल्ये एका कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नसतात.

७. सारांश

ई-स्पोर्ट्समध्ये खेळाचा मालक असतो आणि त्याच्या निर्णयाचा परिणाम खेळाडूच्या उत्पन्नावर व कारकिर्दीच्या लांबीवर होतो. भारतात शासकीय निर्णयांचीही त्यात भर पडते. म्हणून ‘मी किती चांगला खेळतो?’ याबरोबरच ‘हा खेळ उद्या बंद झाला तर माझ्याकडे काय उरेल?’ हा प्रश्नही खेळाडूने स्वतःला विचारायला हवा.

स्वाध्याय

१. कबड्डी आणि हार्थस्टोन यांतील मालकीचा फरक स्वतःच्या शब्दांत मांडा.
२. ‘द इंटरनॅशनल’च्या बक्षिसातील घट खेळाडूंच्या कौशल्याशी का जोडता येत नाही?
३. तुमचा मित्र शेवटचे वर्ष सोडून संघात जाणार आहे. सही करण्यापूर्वी त्याने विचारावेत असे पाच प्रश्न लिहा.