शब्दांची चतुःसीमा

व्यायामाच्या यंत्राची मूठ दोन्ही हातांनी धरली, की हृदयाचे ठोके आकड्यांत दिसू लागतात. या साध्या मुठीवरून अमेरिकेत जो खटला झाला, तो आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगा आहे, असे मला वाटते.

प्रथम यंत्राची अडचण पाहू. तळहातात हृदयाच्या विद्युत्-संदेशाबरोबर स्नायूंचाही संदेश येतो आणि मोजणी चुकते. बायोसिग कंपनीला १९९४ साली मिळालेल्या पेटंटात यावर युक्ती होती. प्रत्येक हाताखाली दोन विद्युदग्रे ठेवायची. स्नायूंचा संदेश दोन्ही हातांत सारखा आला, की वजाबाकीत तो नाहीसा होतो. हृदयाचा संदेश दोन हातांत उलट असल्याने शिल्लक उरतो.

वाद झाला तो शब्दांवरून. ही विद्युदग्रे एकमेकांपासून 'अंतर राखून' बसवावीत, एवढेच पेटंटात म्हटले होते. अंतर किती? नॉटिलस कंपनी म्हणाली, हे संदिग्ध आहे, म्हणून पेटंटच रद्द करा. अपील न्यायालयाने ते नाकारले. अर्थ लावणे अगदीच अशक्य असेल, तरच पेटंट रद्द होईल, अशी त्याची कसोटी होती. २ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी एकमताने मोडीत काढली. न्या. रूथ गिन्सबर्ग यांनी निकालपत्रात सांगितले, की त्या विषयातील जाणकाराला हक्काची व्याप्ती वाजवी निश्चिततेने कळली पाहिजे. खटला परत गेला. २०१५ साली अपील न्यायालयाने नव्या कसोटीवरही पेटंट टिकवले. अंतर हाताच्या रुंदीहून अधिक असू शकत नाही आणि दोन अग्रे एक होतील इतके कमीही नाही, हे जाणकाराला कळते, असे त्याचे म्हणणे.

मला हा निकाल जमिनीच्या खरेदीपत्रासारखा वाटतो. त्यात चतुःसीमा लिहितात. आमचे कन्नड मित्र तिला 'चेक्कुबंदी' म्हणतात. सीमा मोघम असली, तर शेजाऱ्याने कुंपण कोठे घालावे? आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम २९ अनिश्चित अर्थाचा करार रद्द ठरवते. १९७० च्या पेटंट कायद्यातही दावे स्पष्ट व संक्षिप्त असावेत, असे कलम १० सांगते.

पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी. तिची हद्द धूसर राहिली, तर नवा कारागीर भीतीनेच मागे सरतो आणि किंमत ग्राहक मोजतो. म्हणून शोध कितीही मोठा असो, त्याच्या दाव्यातील शब्द नेमके हवेत.