चहा, चित्रपट आणि एक कबुली

चहा वाफाळता असावा, गाण्यांतील शब्द स्पष्ट ऐकूं यावे आणि चित्रपटांच्या वाटेस जाऊं नये, अशीं माझीं तीन मतें आमच्या घरांत सर्वश्रुत होतीं. त्यांतील तिसरें कसें गळून पडलें, तें सांगतों.

नातवंडांनीं ‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पाहावयास मला बळेंच बसविलें. विष्णुपंत पागनिसांच्या मुखीं बीज आणि तरु यांचें पद आलें, तेव्हां मी उद्गारलों, “ऐका ही संतवाणी! चित्रपटवाल्यांना असें रचणें साधेल काय?” हेंच पद तुकोबांचा अभंग म्हणून मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें होतें.

चहा पुढें ठेवीत सूनबाई हळूच म्हणाली, “मामंजी, तें पद ह्याच चित्रपटासाठीं शांताराम आठवल्यांनीं रचलें, संगीत केशवराव भोळ्यांचें.”

मीं गाथा उघडली. पद कांहीं सांपडलें नाहीं. चहा मात्र निवून गेला.

तुकोबांच्या वाणींत सहज मिसळून जावें असें पद ज्या कलेनें दिलें, तिला न पाहतांच हीन लेखणें हा अविवेक होय. माझ्या माजी विद्यार्थ्यांनीं वहींतील ती नोंद कृपया दुरुस्त करावी. चहाविषयींचें मत मात्र कायम आहे.