मुसाफिर आणि मुकीम

प्रवासात असलेल्या माणसाला इस्लामने रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. त्याची चार रकातींची फर्ज नमाजही दोन रकातींची होते. मात्र एखाद्या गावी राहण्याची नियत केली की ही सवलत संपते. हनफी मसलकात त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे, तर कोकणी मुसलमान ज्या शाफई मसलकाचे आहेत त्यात चार दिवसांची. नियत बदलताच मुसाफिर ‘मुकीम’ होतो, म्हणजे त्या गावचा रहिवासी.

तळोजा-पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यांना परदेश नवा नाही. कोकणातली घरे आफ्रिका आणि आखातातल्या कमाईवर उभी राहिली. आता नेरूळ, खारघरची शिकलेली मुले कॅनडाचा विचार करतात, आणि क्वेबेक प्रांत म्हटला की पहिला प्रश्न फ्रेंचचा येतो. इथे मगरिबची अजान होऊन खजूर हाती येते, तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये सकाळ असते. आई-वडिलांना काळजी असते ती रोजा-नमाजची आणि मादरी जबानीची. परक्या भाषेच्या मुलखात मूल आपले राहील का?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर हिंदी महासागरात आहे. मॉरिशसवर १७१५ पासून फ्रेंचांची सत्ता होती. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले, पण रहिवाशांची भाषा, कायदे आणि धर्म यांना हात लावणार नाही असे वचन दिले. त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि बोली फ्रेंच वळणाची, असा प्रकार झाला. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून लाखो हिंदी माणसे तिथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकण आणि देशावरचे मराठी लोक होते, बिहारकडचे मुसलमान होते. मागोमाग कच्छी मेमन व्यापारी गेले. पोर्ट लुईची जुम्मा मशीद १८५० च्या दशकात उभी राहिली. मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

या मंडळींची नातवंडे-पतवंडे घरी क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात. मराठी आणि उर्दू दोन्ही चुलीपाशी मागे पडल्या, पण संपल्या नाहीत. प्राथमिक शाळेत मुले आजही त्या ऐच्छिक विषय म्हणून शिकतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतही त्यांचे अध्यापन चालते. गणेश चतुर्थी आणि रमजान ईद दोन्हींना सार्वजनिक सुट्टी असते. आपला फालुदा तिथे ‘आलुदा’ झाला, हलीमला मात्र ‘हलीम’च म्हणतात. भाषा घरातून गेली तरी समाजाने तिच्यासाठी शाळेत, सणात, ताटात जागा राखली. त्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षे कोणीतरी चिकाटीने काम केले.

क्वेबेकचे गणित निराळे आहे. १९७७ च्या कायद्याने तिथे स्थायिक होणाऱ्या परदेशी कुटुंबांच्या मुलांना साधारणपणे फ्रेंच शाळेतच जावे लागते. मोठ्यांसाठी सरकार मोफत फ्रेंच वर्ग चालवते. भाषा शिकली की शेजार आणि नोकरी दोन्ही जवळ येतात. पण तिथे एक टोचणारी अटही आहे. २०१९ च्या कायद्यानुसार सरकारी शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षिकेला कामावर हिजाब घालता येत नाही. नवी मुंबईत हिजाब घालून शिकवणाऱ्या बाईने तिथे कितीही उत्तम फ्रेंच आत्मसात केली, तरी ते दार तिच्यासाठी बंद राहते. जाण्याआधी हे माहीत असलेले बरे. फ्रेंचच्या परीक्षेइतकीच ही चौकशीही महत्त्वाची आहे.

मग दीन काय सांगतो? सूरह रूममध्ये भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी मानली आहे. म्हणजे फ्रेंचही परकी नाही. मक्केत छळ झाला तेव्हा मुसलमानांची पहिली हिजरत हबशाला, एका ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला झाली. तिथे हजरत जाफर यांनी दरबारात आपला दीन उघडपणे मांडला. मदिनेत रसूलुल्लाहांनी हजरत जैद बिन साबित यांना यहुदींची लिपी शिकायला सांगितले आणि ते ती थोड्याच दिवसांत शिकले. मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा जोडून दिला गेला, तोही दोन्ही बाजूंनी. आलेल्याने शिकायचे आणि असलेल्याने जागा करून द्यायची, अशी ती रीत होती.

परदेशी गेलेली पुष्कळ घरे दहा-दहा वर्षे मनाने मुसाफिरच राहतात. शेजाऱ्याची भाषा अर्धीच, आपली भाषाही अर्धीच. कसर नमाजला शोभते, जगण्याला नाही. फ्रेंच पुरी शिकावी आणि घरात रोज एक तास तरी मराठी-उर्दू चालावी. शेजाऱ्याला इफ्तारला बोलवावे, त्याच्याच भाषेत रोजा समजावून सांगावा. आणि इथल्या आजी-आजोबांनी फोनवर नातवाशी आपल्याच बोलीत बोलावे, त्याचे उत्तर फ्रेंचमध्ये आले तरी. नियत पक्की असेल तर माणूस दोन्ही घरांत मुकीम होऊ शकतो.