मालमोटारीचा चालक टिकेल कसा?

इंदूर शहराच्या पश्चिम भागात, अन्नपूर्णा परिसराच्या पुढे, सुदामानगर ही मोठी वसाहत आहे. येथील अनेक घरांतून आजही मराठी बोलली जाते. वसाहतीतून राऊच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात आग्रा-मुंबई महामार्ग लागतो. पीथमपूरच्या कारखान्यांतील माल आणि माळव्यातील शेतमाल याच मार्गाने मानपूर, खलघाट, ठीकरी, सेंधवा असा प्रवास करीत बिजासन घाट उतरतो आणि शिरपूर, धुळे, नाशिक ओलांडून मुंबईस पोहोचतो. माल भरपूर आहे, मालमोटारीही पुष्कळ आहेत. उणीव आहे ती चालकांची. देशाला सुमारे २२ लाख कुशल चालकांची कमतरता भासत असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले.

ही उणीव केवळ प्रशिक्षणाच्या अभावामुळे निर्माण झाली आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहा शहरांतील हजारांहून अधिक चालकांची मते नोंदविली होती. दिवसाकाठी सरासरी बारा तास गाडी चालवावी लागते, असे त्यातून दिसले. निम्म्या चालकांनी थकलेल्या किंवा पेंगुळलेल्या स्थितीतही गाडी चालवीत असल्याचे मान्य केले, तर आपल्या आप्तांनी या व्यवसायात यावे असे १०० पैकी ८४ चालकांना वाटत नव्हते. पूर्वी घरातील वा गावातील मुलगा प्रथम क्लीनर म्हणून गाडीवर चढे, दोन-चार वर्षांत हात बसला की चालक होई. बापच मुलाला या वाटेने पाठवीत नसेल, तर नवा चालक येणार कोठून?

वाहतूक कंपनीने प्रथम तपासावा तो खेपेचा हिशेब. बहुतेक ठिकाणी चालकास खेपेच्या खर्चासाठी एक ठराविक रक्कम देण्यात येते. डिझेल, जेवणखाण, किरकोळ दुरुस्ती, वाटेवरची देणीघेणी हे सारे त्यातून भागवून जे उरेल ते त्याचे. वरकरणी ही पद्धत सोयीची वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे मालकाचा धोका चालकाच्या खिशात जाऊन बसतो. समजा, इंदूर ते मुंबई हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर धरले आणि मालकाने लिटरला ४ किलोमीटर हा दर ठरविला, तर १५० लिटर डिझेल मंजूर होते. परंतु पूर्ण भरलेली गाडी घाटांच्या रस्त्यावर लिटरला पावणेचार किलोमीटरच चालली, तर १६० लिटर लागतात. वरचे दहा लिटर चालकाने भरावयाचे. अशा दोन-तीन खेपा झाल्या की तो दुसरा मालक शोधू लागतो. किंवा, याहून वाईट, टाकीतील डिझेल विकू लागतो. मग त्यास चोर ठरविण्यात येते. सपाटीचा, घाटाचा, भरल्या गाडीचा व रिकाम्या गाडीचा असे वेगवेगळे दर, चालकास सोबत घेऊन आणि प्रत्यक्ष गाडी चालवून ठरविले, तर या तंट्याचे मूळच नाहीसे होते. त्यासोबत दरमहा निश्चित वेतन बँक खात्यात जमा व्हावे, भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी भरली जावी आणि अपघात विम्याची प्रत चालकाच्या घरी असावी. विमा उतरविला आहे हे चालकाच्या पत्नीस ठाऊकच नसेल, तर अडचणीच्या वेळी त्याचा तिला काय उपयोग?

दुसरी गोष्ट थांबण्याची. माल भरण्यासाठी व उतरविण्यासाठी गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर तासन् तास, कधी दिवसभर उभी राहते. खेपेवर मोबदला मिळणाऱ्या चालकास या वेळाचे काहीही मिळत नाही, म्हणून तो हा वेळ रात्री रस्त्यावर भरून काढतो. ठराविक तासांनंतर थांबण्याचा आकार माल पाठविणाऱ्याकडून घ्यावा आणि त्यातील वाटा चालकास द्यावा, असे करार होऊ शकतात. नाक्यांवरील खोळंबा मात्र बराच कमी झाला आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर विक्रीकराचे नाके गेले, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने आपली परिवहन तपासणी नाकी बंद केली. जो वेळ शासनाने वाचविला, तो कारखान्याच्या फाटकावर वाया जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

घरापासून दूर राहणे हे नोकरी सोडण्याचे मोठे कारण आहे. यावर २०१४ मध्ये गुडगाव येथे सुरू झालेल्या रिव्हिगो या कंपनीने एक उपाय योजला होता. एकाच चालकाने संपूर्ण अंतर न कापता, चार-पाच तासांच्या अंतरावर गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती सोपवावी आणि परतीची गाडी घेऊन घरी यावे, अशी ही टप्प्याटप्प्याची पद्धत. पूर्वीच्या टपालाचे घोडे ज्या रीतीने बदलत, तीच ही रीत. त्या कंपनीचा व्यवसाय पुढे २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. परंतु कल्पना तपासून पाहण्यासारखी आहे. सुदामानगरातील चालकाने सकाळी निघून सुमारे १५० किलोमीटरवरील सेंधव्यास गाडी सोपविली आणि तेथून इंदूरकडे येणारी गाडी घेतली, तर रात्रीचे जेवण तो घरी घेऊ शकतो. धुळ्याचा चालक पुढचा टप्पा सांभाळील. ज्याच्याकडे एक-दोनच गाड्या आहेत अशा मालकास हे एकट्याने जमणार नाही. अनेक मालकांनी एकत्र आल्याशिवाय दोन्ही बाजूंच्या गाड्यांचा मेळ बसत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

कायद्याची अपेक्षा याहून फारशी निराळी नाही. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक उपक्रमांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, साप्ताहिक सुटी आणि रात्रीच्या मुक्कामी विश्रांतीगृह अशा अटी घातल्या होत्या. हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला, तरी आठ तासांचे प्रमाण कायम आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असणे बंधनकारक करण्यात आले आहे. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांना मात्र निमाडातील उन्हाळा पूर्वीप्रमाणेच काढावा लागेल.

विश्रांतीचा प्रश्न निव्वळ सुखसोयीचा नाही. ४ जुलै २०२३ रोजी बिजासन घाटाच्या पायथ्याशी, शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकून हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसे दगावली. धार जिल्ह्यातील गणपती घाटाचा उतारही अशाच अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. तेथे २०२४ च्या अखेरीस नवी आखणी खुली झाली. रस्ता सुधारता येतो. परंतु ब्रेकची तक्रार करणाऱ्या चालकास ‘एवढी खेप करून ये, मग पाहू’ असे उत्तर मिळत असेल, तर नव्या आखणीचा उपयोग मर्यादितच राहील. सदोष गाडी नेण्यास नकार देणाऱ्याचा एक पैसाही कापला जाणार नाही, हे कंपनीने लेखी द्यावे.

प्रतिष्ठेचा प्रश्नही याच महामार्गावर पुढे आला. अपघातानंतर पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी काम थांबविले. इंदुरातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्या वेळी शाजापूर येथील बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांनी एका चालकास त्याची लायकी काय, असे विचारले. आपली काहीच लायकी नाही, लढा त्याचसाठी आहे, असे तो उत्तरला. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी त्या अधिकाऱ्यास पदावरून दूर केले. १ जुलै २०२४ रोजी नवी न्यायसंहिता अंमलात आली, तेव्हा ते वादग्रस्त उपकलम स्थगित ठेवण्यात आले.