रिठ्याचं पाणी, राख आणि वरचे दोनशे

पहाटे ४.४५

गल्लीतल्या नळाला पाणी आलं. पुण्यातली जनता वसाहत पर्वतीच्या उतारावर, म्हणून वरच्या गल्ल्यांत पाण्याला जोर कमी. चार घरची भांडी-फरशी करणाऱ्या मावशी आधी पिंप भरून घेतात, मग कळशी. आज दिवसभर मी त्यांच्यासोबत. अंघोळीचं पाणी दाराबाहेरच्या चुलीवर. गॅस फक्त स्वयंपाकापुरता. सरपण सुताराच्या दुकानातलं, फुकट. पण त्यातही निवड आहे. रंग लावलेल्या फळ्या आणि प्लायवूड एका बाजूला, बाभळीचे नि आंब्याचे तुकडे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या ढिगाची राख तेवढी ठेवायची.

"रंगाची राख भांड्याला लावायची नाही. पोटात जाती."

कालची गार झालेली राख त्या चाळून पत्र्याच्या डब्यात भरतात. डब्याचं झाकण घट्ट. श्रावणाची हवा लागली की राखेचे गोळे होतात.

५.१५

रात्री भिजत घातलेले रिठे फुगलेत. पंधरा रिठे, दीड लिटर पाणी. बिया काल संध्याकाळीच बत्त्याने फोडून काढल्यात. बी काळी, टणक, तिच्यात फेस नाही. फेस सालीत.

पातेलं मोठं लागतं. उकळी आली की फेस चढतो आणि नजर हलली की चुलीत उतरतो. मावशी पळी हातात धरून उभ्याच राहतात. पाणी लिटरभर उरलं की उतरवायचं, कोमट झालं की हाताने कुस्करायचं, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यातून गाळायचं. तांबूस पाणी, आंबूस उग्र वास. डोळ्यात उडालं तर डोळा बराच वेळ उघडत नाही. झाडाचं आहे म्हणून सौम्य असेल, असं समजायचं कारण नाही.

फ्रीजबाहेर हे पाणी दोन दिवस राहतं, तिसऱ्या दिवशी आंबतं. म्हणून आठवड्यातून तीनदा हाच उद्योग. रिठे रविवार पेठेतून येतात, काष्ठौषधीच्या दुकानातून, दीडशे रुपये किलो. किलोभर रिठे महिना-सव्वा महिना पुरतात. लिटरच्या बाटलीचे मावशींना वीस रुपये मिळतात. बाटली पिशवीत, राखेचा डबा पिशवीत, वर डबा भाजी-भाकरीचा.

६.४०

कालव्याच्या कडेने चालत दत्तवाडीकडे. पंचवीस मिनिटं. शेअर रिक्षाचे वीस रुपये वाचतात, परतीचे धरून चाळीस. पिशवी जड आहे. मी धरू का विचारलं, तर त्यांनी दिली नाही.

७.१०

पहिलं घर, चौथा मजला. इथे सगळं दुकानातलं. भांड्यांना हिरवा साबण, फरशीला निळं पाणी, आठवड्यातून एकदा बाथरूमला ॲसिड. आज शुक्रवार, ॲसिडचा दिवस.

मावशी खिडकी उघडतात, पदर नाकावर बांधतात. ॲसिड ओततात आणि बाहेर येऊन थांबतात. पांढरट वाफ येते. दोन मिनिटांनी आत जाऊन खराट्याने घासायला सुरुवात. त्यांना खोकला येतो. पाच मिनिटांत फरशी पांढरीशुभ्र. हे मान्यच करायला हवं की ॲसिडने काम झटपट होतं. क्षारांचे थर त्यात विरघळून जातात, अंगाला जोर लागत नाही.

कोपऱ्यात ब्लीचिंगचीही बाटली आहे. ती मावशी त्या दिवशी हातात घेत नाहीत. दोन्ही एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. त्यांना वायूचं नाव माहीत नाही, पण एकदा छातीत जळजळ होऊन जिन्यात बसावं लागलं होतं, ते लक्षात आहे.

हातमोजे आहेत घरात. रबरी. ओल्या स्टीलच्या ताटल्या त्यांतून निसटतात, म्हणून भांड्यांना मावशी ते घालत नाहीत. मी त्यांचे हात बघितले. बोटांच्या बेचक्यांत पांढरी सोललेली कातडी, अंगठ्याच्या टोकाला चिरा. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि हात साबणात कमी घाला असं सांगितलं.

"कमी कसा घालणार? चार घरं हायेत."

केर-फरशी, भांडी, बाथरूम मिळून या घराचे अठ्ठावीसशे.

८.५०

दुसरं घर, त्याच इमारतीत, पहिला मजला. रिठ्याची बाटली इथली.

इथल्या ताईंनी गेल्या दिवाळीनंतर घरातल्या एकेक बाटल्या बंद केल्या. आधी फरशीचं निळं पाणी, मग भांड्यांचा साबण, मग आरशाचा फवारा. मावशींना त्यांनी विचारलं, गावाकडे काय वापरायचात? मावशी करमाळ्याकडच्या. राख, रिठे, हिंगणबेटाचा गर, त्यांनी धडाधड नावं घेतली. हिंगणबेट पुण्यात कुठे मिळणार, पण बाकीचं जमलं. मला या दोघींचं हे बोलणं महत्त्वाचं वाटतं. ताईंनी हे पुस्तकातून उचललं असतं, तर बाटल्या बदलल्या असत्या आणि मावशींना नुसता हुकूम मिळाला असता.

आज जिवतीचा शुक्रवार. पुरणाचं पातेलं, यंत्र, तुपाची कढई, काल रात्रीच्या भज्यांचं तेलकट सगळं. रिठ्याच्या पाण्याला साबणासारखा जोर नाही. फेस येतो, पण तुपापुढे तो लगेच बसतो. म्हणून क्रम वेगळा. आधी कढई रद्दी कागदाने पुसून घ्यायची. मग त्यात चमचाभर डाळीचं पीठ किंवा चाळलेली राख, काथ्याने चोळायची. राखेतला खार तुपाला पकडतो, हाताला बुळबुळीत लागतं, म्हणजे तिथल्या तिथे साबणच होतो. मग गरम पाणी. मग रिठ्याचं पाणी. मग दोनदा साधं पाणी.

पुरणयंत्राच्या जाळीत अडकलेली डाळ दातकोरणीने काढावी लागते. तिला रिठाही नको नि साबणही नको. वेळ हवा.

९.४०

घड्याळ बघितलं. याच घरची एवढीच भांडी साबणाने वीस-बावीस मिनिटांत व्हायची. आज चाळीस लागली. सणाची नसतील तर पस्तीस.

हा वेळ मावशींनी पहिल्या महिन्यातच मोजला होता. तीनशे वाढवून मागितले. ताई म्हणाल्या, साबणाचा खर्च वाचला तरी रिठ्याचे पैसे देतेच आहे की. मावशी म्हणाल्या, रिठ्याचे वेगळे, हातांचे वेगळे. दोन महिने विषय तसाच राहिला. मग दोनशे वाढले. आता भांडी आणि फरशीचे बावीसशे, बाटल्यांचे वेगळे.

हातांना फरक पडला का, मी विचारलं.

"या घरात आग होत न्हाई. पण बाकीची तीन घरं हायेतच."

फरशीला मोसंबीच्या सालीचं आंबवलेलं पाणी, बादलीला दोन झाकणं. तेही मावशींचंच. घरात याला सगळे बायोएन्झाइम म्हणतात. ताईंनी मध्यंतरी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंक साफ करायचा प्रयोग केला होता. बुडबुडे छान आले, सिंक होतं तसंच राहिलं. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, उरतं खारट पाणी. आता सोडा वेगळा, व्हिनेगर वेगळं.

१०.३०

तिसरं घर, नवश्या मारुतीच्या मागे, जुनं बैठं. आजी एकट्या. खाली शहाबादी फरशी, देवघराला संगमरवर.

सालीचं पाणी इथे चालत नाही. शहाबादी काय, संगमरवर काय, दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर, काहीही आंबट पडलं की ते खातं. देवघराच्या कडेला एक निस्तेज गोल डाग आहे. आजींच्या सुनेने लिंबू फिरवलं होतं, त्याचा. तो आता पॉलिशवाल्याशिवाय जाणार नाही.

"आंबट ते तांब्यापितळेला, दगडाला नाही," आजी आतून ओरडून सांगतात. मावशींना माहीत आहे, तरी रोज सांगतात. कोमट पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा, घट्ट पिळलेलं फडकं. शहाबादी ओली ठेवायची नाही. बसून पुसावं लागतं. मावशींचे गुडघे वाजतात. आजी चहा देतात, कपबशीत, स्वतःच्या कपासारख्याच. इथले अठराशे.

१२.३०

सकाळच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली. भाकरी, मेथी, ठेचा. शेजारच्या इमारतीतल्या आणखी दोघी येऊन बसतात. बोलणं पगाराचं. एकीचे दोन खाडे कापले. मावशींच्या सासूबाईही हेच काम करायच्या. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्या गेल्या होत्या मोर्चाला. घरकामगारांच्या मंडळाचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००८ साली झाला. मावशींचं कार्ड आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. नूतनीकरण राहिलंय. त्यासाठी एक दिवस मोडावा लागतो.

१.१५

रसवाल्याचं दुकान. त्याच्याकडे सकाळपासूनच्या मोसंब्यांच्या सालींचं पोतं भरलंय. पूर्वी फुकट द्यायचा. आता त्यालाही कळलंय, दहा रुपये घेतो. मावशी पोत्यात हात घालून निवडतात. बुरशी लागलेली नको, मऊ पडलेली नको. तीन किलो. शेजारच्या वाण्याकडून किलोभर गूळ, साठ रुपये. काळपट, भेसूर दिसणारा गूळ चालतो, उलट तोच बरा.

२.००

घर दहा बाय बाराचं. पलंगाखाली पाण्याचे वीस लिटरचे तीन जार. एकावर चुन्याने ज्येष्ठ लिहिलंय, एकावर आषाढ. तिसरा आज भरायचा. लिहिण्याचं काम नातीचं, आठवीतली आहे ती.

मोजमाप ठरलेलं. एक भाग गूळ, तीन भाग साल, दहा भाग पाणी. साली विळीवर बारीक करायच्या. सालीचं तेल चिरांना झोंबतं, मावशी बोटांना आधी खोबरेल लावून घेतात. गूळ पाण्यात विरघळवून घातला, साली घातल्या. चौदा लिटरच्या आसपास भरलं, वर वीतभर जागा मोकळी. ही जागा लागतेच. आंबताना वायू होतो. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून तो जाऊ द्यायचा. काचेची बरणी घ्यायची नाही, फुटते. एप्रिलमध्ये नात दोन दिवस झाकण उघडायला विसरली, तर प्लास्टिकचा जार फुगून पलंगाची फळी वर आली.

तीन महिने. मग गाळायचं. आठ-साडेआठ लिटर निघतं. भंगारवाल्याकडच्या रिकाम्या बाटल्या दोन रुपयांना एक, गरम पाण्याने धुऊन. लिटरला पन्नास रुपये भाव.

नातीने वहीत हिशेब मांडलाय. आठ लिटरचे चारशे. त्यातून गूळ साठ, साली दहा, बाटल्या सोळा. उरले तीनशे चौदा. खाली तिने मावशींचा वेळ लिहायला जागा सोडली आहे. ती कोरी आहे.

गाळून उरलेला चोथा वाया जात नाही. थोडा पुढच्या जारात, आंबायला वेग येतो. बाकीचा दारातल्या कुंडीतल्या कढीलिंबाला.

४.१०

चौथं घर. मोठं. तीन हजार. गणपती तोंडावर आलेत, म्हणून या आठवड्यात रोज थोडी थोडी पितळ काढायची. ओट्यावर वर्तमानपत्र, त्यावर समया, निरांजनं, ताम्हन, पंचपात्री, एक मोठा तांब्याचा हंडा. ओटा ग्रॅनाइटचा, इथे आंबट चालतं.

या घरात पावडरीचा डबाही आहे. पण वहिनींना समई चिंचेनेच हवी, सासूबाईंची आहे. चिंच दुपारीच भिजवून ठेवलेली. कोळात मीठ. हंड्यावर हात फिरला आणि काळपट तांबं जागच्या जागी गुलाबी उघडलं. हे बघत राहावंसं वाटतं. चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं, खालचा धातू मोकळा होतो. तांब्याला घासावं लागतच नाही फारसं.

पितळेचं तसं नाही. पितळेवर चिंच जास्त वेळ राहिली तर लालसर छटा येते. लावायची, चोळायची, लगेच धुवायची. मग राख, कोरडी, फडक्याने. मावशी समईच्या खांबाच्या खाचा जुन्या टूथब्रशने काढतात, वळशांमध्ये काडीला चिंधी गुंडाळून. तेलाचं कीट बसलेलं असतं तिथे आधी गरम पाणी. मग पुसून एकदम कोरडं. पाण्याचा थेंब राहिला की उद्या तिथे डाग.

दोन समयांना पाऊण तास. मावशी मधेच मान डावी-उजवी करतात. वहिनी येऊन बघून जातात. दुसऱ्या वेळी येतात तेव्हा स्टूल आणून ठेवतात. मावशी बसतात.

५.५०

पितळ संपली. रोजची भांडी, मग केर. निघताना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी थांबवतात. पहिल्या मजल्यावरच्या ताईंकडे ऐकलंय त्यांनी. मुलाला फरशीच्या पाण्याने शिंका येतात. सालीचं पाणी मिळेल का? आणि भांड्यांनाही तेच, ते रिठ्याचं?

मावशी पिशवी खाली ठेवतात.

"मिळंल. सालीचं पन्नास रुपये लिटर. रिठ्याचं वीसला बाटली, दोन दिवसांत संपवायचं, न्हाईतर फ्रीजमध्ये. फरशी कसली हाय तुमची?"

"टाइल्स आहेत."

"मग चालतं. बाथरूमला ब्लीचिंग वापरत असाल तर त्यात हे घालायचं न्हाई, आधी धुऊन घ्यायचं. आणि भांड्यांचे दोनशे वाढतील. तुमची बाई करत असंल तर तिला द्या."

"दोनशे कशाचे? पाण्याचे तर वेगळे देणार."

"वेळाचे."

वहिनी म्हणतात, विचारून सांगते. मावशी बरं म्हणतात आणि पिशवी उचलतात. खाली आल्यावर त्या मला सांगतात की दुसऱ्या मजल्यावर भांडी करणारी त्यांच्याच गल्लीतली आहे, उद्या पहाटे पाण्याला भेटेलच. तिला आधीच सांगून ठेवायचं, दीडशेला हो म्हणू नकोस.