ठोके ऐकू येत नाहीत तेव्हा

चार जण अंधारात जनरेटर दुरुस्त करतायत आणि पाचवा त्यांना शोधतोय. ‘डेड बाय डेलाइट’ या ऑनलाइन खेळाचा सगळा मामला एवढाच. कॅनडातल्या माँट्रियलच्या बिहेवियर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने जून २०१६ मध्ये तो बाजारात आणला. आपल्या लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं त्याला आकडे मोजताना डोळे झाकावे लागतात. इथे राज्य असलेल्या ‘किलर’ला अशी काही अट नाही, उलट त्याच्या पायांत जास्त वेग दिलाय. बहुतेक किलर सेकंदाला ४.६ मीटर जातात आणि लपणारे धावले तरी ४ मीटरच. एकाविरुद्ध चौघे आणि तरीही चौघेच दुबळे, असा हा विषम सामना आहे. मग त्या चौघांना जगण्याची संधी कुठून मिळते? मुख्यतः कानांतून.

किलर जवळ येऊ लागला की लपलेल्याला हृदयाचे ठोके ऐकू येतात. बहुतेक किलरांभोवती ३२ मीटर त्रिज्येचं एक अदृश्य वर्तुळ असतं; खेळाडू त्याला ‘टेरर रेडियस’ म्हणतात. त्याच्या कडेला ठोके मंद असतात आणि किलर जवळ येईल तसे ते जोरात आणि जलद पडू लागतात. या इशाऱ्याचं मोल साध्या गणिताने काढता येतं. कडेवरून किलर सरळ चालत आला तर जागेवर बसलेल्या माणसापर्यंत पोचायला त्याला सात सेकंद पुरतात. पण पहिला ठोका ऐकताच तो माणूस विरुद्ध दिशेने पळाला, तर दोघांच्या वेगात फरक उरतो फक्त ०.६ मीटरचा. तेच ३२ मीटरचं अंतर तोडायला मोकळ्या मैदानातही किलरला ५३ सेकंद लागतात. चाहूल आठ मीटरवर लागली असती तर हातात आले असते जेमतेम १३ सेकंद. एकट्याने जनरेटर दुरुस्त करायला ९० सेकंद लागतात आणि असे पाच सुरू झाल्याशिवाय बाहेर जायचं फाटक उघडता येत नाही. हे लक्षात घेतलं तर ५३ आणि १३ यांतला फरक केवढा मोठा आहे ते कळतं.

या ठोक्यांत एक गोष्ट मात्र मुद्दाम ठेवलेली नाही, ती म्हणजे दिशा. खऱ्या जगात आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या सुमारे ०.०००६५ भागाएवढा असतो, पण आपला मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. उंच पट्टीच्या आवाजाला डोक्याचा आडोसा होतो आणि पलीकडच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो, त्याचीही मदत होते. खेळात किलरची पावलं आणि त्याचा श्वास हेडफोनमधून अशीच डावी-उजवीकडून येतात. ठोके मात्र ऐकणाऱ्याच्याच छातीतले, त्यांना डावं-उजवं कुठलं? ते सांगतात की संकट जवळ आहे आणि किती जवळ आहे. कुठे आहे ते तुम्ही मान वळवून शोधायचं. माहिती देऊनही भीती शिल्लक ठेवणारी ही वाटणी मला या खेळातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

पण इशाऱ्याचं खरं काम तो वाजतो तेव्हा होतच नाही. ते होतं तो वाजत नसतो तेव्हा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९६८ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून कळलेली गोष्ट मोलाची आहे. उंदीर कळ दाबून खाणं मिळवायला शिकले होते. एका गटाला विजेचा झटका बसण्याआधी दर वेळी इशारा मिळे. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, पण इशाऱ्याचा आणि झटक्याचा काही मेळ नसे. पहिल्या गटातले उंदीर इशारा सुरू असताना गोठून बसत आणि तो थांबला की पुन्हा खायला लागत. दुसऱ्या गटातल्या उंदरांनी कळ दाबणंच सोडून दिलं. त्यांच्या पोटात व्रणही आढळले. सेलिगमन यांचं म्हणणं असं की भरवशाचा इशारा दोन गोष्टी देतो. तो वाजला की धोका, आणि म्हणूनच तो वाजत नाही तोवर सुरक्षितता. इशाऱ्यामुळे शांततेला अर्थ येतो. इशारा काढून घेतला की झटक्यांची संख्या वाढत नाही, पण प्रत्येक क्षण झटक्याचा क्षण होऊन बसतो.

डेड बाय डेलाइटमधले चोरपावलांनी येणारे किलर नेमकं हेच करतात. ‘रेथ’ हा किलर अंगावर अदृश्यतेचं आवरण घेतो तेव्हा त्याचे ठोके ऐकूच येत नाहीत. खेळ सुरू होताना समोर कोणता किलर आहे हे चौघांना सांगितलेलं नसतं. म्हणजे रेथ त्या सामन्यात नसला तरी पहिल्या मिनिटातली शांतता संशयाची असते. जनरेटरवर बसलेला माणूस दर चार सेकंदांनी मागे वळून पाहतो, वळता वळता काम चुकतं आणि चुकलं की स्फोटाचा आवाज किलरला त्याची जागा सांगून जातो. अशा वेळी दुरून पहिला मंद ठोका ऐकू आला की चक्क हायसं वाटतं. किलर जवळ येतोय खरा, पण निदान आज कान कामाचे आहेत एवढं तरी कळलं!

निसर्गात ही चुरस कितीतरी जुनी आहे. वटवाघूळ अंधारात किंचाळ्या मारतं आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकून पतंग शोधतं. या किंचाळ्या आपल्याला ऐकू येत नाहीत, पण अनेक जातींच्या पतंगांना येतात. नॉक्टुइड कुळातल्या पतंगाच्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या जेमतेम दोन पेशी असतात. केनेथ रोडर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांच्यावर बारकाईने काम केलं. त्यातली एक पेशी जास्त हळवी असते. वटवाघूळ दूर असताना तीच जागी होते आणि पतंग शांतपणे दिशा बदलून निघून जातो. दुसरी पेशी आवाज फार मोठा झाल्यावरच पेटते. मग पतंग वेड्यावाकड्या गिरक्या घेतो किंवा पंख मिटून सरळ जमिनीकडे झेपावतो. मंद ठोके ऐकून हळूच बाजूला होणारा आणि जोराचे ठोके ऐकून जिवाच्या आकांताने पळणारा खेळाडू याहून वेगळं काय करतो?

आणि वटवाघळांतही एक रेथ आहे. युरोपात आढळणाऱ्या बार्बास्टेल या वटवाघळाबद्दल ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये लिहिलं. हवेत शिकार करणाऱ्या इतर वटवाघळांच्या तुलनेत त्याच्या किंचाळ्यांची तीव्रता दहा ते शंभर पटींनी कमी असते. मोठ्या आवाजाच्या वटवाघळाची चाहूल पतंगाला तीस मीटरवरूनही लागू शकते, बार्बास्टेलची मात्र ते तीन-चार मीटरवर आल्यावरच. तोवर त्याने पतंगाला हेरलेलं असतं. पण हा डाव फुकटचा नाही. हळू किंचाळलं की प्रतिध्वनीही क्षीण येतो, म्हणून बार्बास्टेलला स्वतःलाही लांबचं कळत नाही. लपून येण्याची ही किंमत निसर्गाने ध्वनीच्या नियमांतच बांधून टाकली आहे.

खेळात ती किंमत माणसांना ठरवावी लागते, आणि सगळे वाद तिथेच होतात. रेथ अदृश्य असताना वेगाने फिरतो, पण त्या रूपात त्याला वार करता येत नाही. आवरण उतरवण्याआधी घंटा वाजवावी लागते आणि ती जवळपासच्यांना ऐकू जाते. २०१९ मध्ये आलेल्या ‘घोस्ट फेस’ या किलरचेही ठोके बंद होतात, मात्र लपणाऱ्यांपैकी कुणी त्याच्याकडे काही क्षण रोखून पाहिलं की त्याचं सोंग उतरतं. मला हा सौदा सर्वांत न्याय्य वाटतो. कानांकडून काढून घेतलेलं काम तिथे डोळ्यांना दिलंय. जो सावध राहील त्याला त्याचं फळ मिळतं.

२०१८ मध्ये आलेल्या ‘स्पिरिट’ या किलरच्या बाबतीत ही वाटणी चुकली होती, असं माझं स्पष्ट मत आहे. ती दुसऱ्या मितीत शिरते तेव्हा तिला लपणारे दिसत नाहीत. त्यांच्या धावण्याच्या खुणा दिसतात आणि श्वास, कण्हणं, गवताची सळसळ ऐकू येते. ही आंधळी कोशिंबीरच म्हणायची, आणि कल्पना म्हणून अफलातून. घाव लागलेला माणूस दातांवर दात ठेवून श्वास रोखतो आणि ती त्याच श्वासाचा माग काढत येते. पण कोशिंबिरीत डोळे बांधलेल्या गड्याला बाकीचे सगळे पाहत असतात. इथे तीही कुणाला दिसत नसे, मूळ जागी तिचं नुसतं कवच उभं राही. ती मितीत गेलीय की समोर उभीच आहे, हे जवळच्या माणसाला ओळखता येत नसे. त्यामुळे पळावं की थांबावं याचा निर्णय कौशल्यावर न राहता कौल लावण्यासारखा झाला. २०२१ मध्ये बदल झाला आणि ती मितीत असताना जवळपासच्या खेळाडूंना तिचा आवाज ऐकू येऊ लागला. पाठलागात काही खेळाडूंना अंदाज बांधण्याची मौज कमी झाल्यासारखं वाटलं. मला वाटतं, अंदाज बांधायला काहीतरी धागा हाती लागतो तेव्हाच त्याला अंदाज म्हणायचं.

ज्याला ऐकूच येत नाही त्याचं काय, हा प्रश्न या खेळाला बराच उशिरा पडला. कर्णबधिर खेळाडूसाठी सगळेच किलर रेथ होते आणि त्यांच्याकडे घंटाही नव्हती. पुढे सेटिंगमध्ये एक सोय आली. ती सुरू केली की पडद्यावर हृदयाचं चिन्ह उमटतं आणि किलर जवळ येईल तसं ते जलद धडधडतं. त्यामुळे ३२ मीटरचा इशारा त्यांनाही मिळू लागला. तरी एक अडचण उरते. जनरेटर दुरुस्त करताना मधूनच एक काटा गरकन फिरतो आणि तो नेमक्या जागी थांबवावा लागतो. त्याच्या क्षणभर आधी एक ‘टण्‌’ वाजते. ऐकू येणाऱ्याचे कान टण्‌कडे आणि ठोक्यांकडे असतात, त्यामुळे डोळे झाडांमागे शोध घ्यायला मोकळे राहतात. कर्णबधिर खेळाडूला काटा, हृदय आणि झाडं या तिन्हींवर त्याच दोन डोळ्यांनी लक्ष ठेवायचं असतं.