मचूळ पाण्यातला मुक्काम

जुलैत पणजीच्या धक्क्यावर उभं राहावं, तर मांडवीचं पाणी गढूळ, तांबूस आणि घाईत असतं. मे महिन्यात तीच मांडवी मंदावते आणि मुखापाशी समुद्राइतकी खारट होते. आपल्याला ती एकच नदी वाटते. जिवाणूंसाठी मात्र ही दोन निराळी गावं आहेत.

खाडीच्या मिलिलिटरभर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू सापडतात. ते नदीबरोबर उतरतात, भरतीबरोबर चढतात, खाजणांतून आणि कांदळवनाच्या चिखलातूनही येतात. येणं सोपं, राहणं अवघड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यातली पेशी त्यात पडली, की मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीसारखं तिला पाणी सुटतं. समुद्रातली पेशी गोड्या पाण्यात आली, तर फुगून फुटायच्या बेताला येते. काही जिवाणू बीटेनसारखी द्रव्यं पोटात साठवून तोल सांभाळतात. पुष्कळांना ते जमत नाही. 2007 मध्ये कॅथरीन लोझुपोन आणि रॉब नाइट यांनी जगभरच्या नमुन्यांची तुलना केली. कुठे कोणते जिवाणू असतील हे ठरवण्यात खारटपणा हा तापमानापेक्षाही मोठा घटक निघाला.

मग मचूळ पाण्यातली वस्ती म्हणजे नदीचे आणि समुद्राचे जिवाणू यांची नुसती सरमिसळ का? याचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या पार्कर नदीच्या खाडीत मिळालं. बायरन क्रम्प आणि सहकाऱ्यांनी ते 2004 मध्ये मांडलं. वसंतात नदी दुथडी वाहते, तेव्हा खाडीत खरोखरच सरमिसळ होती. उन्हाळ्यात आणि शरदात प्रवाह मंदावला, पाणी रेंगाळलं आणि मधल्या पट्ट्यात खाडीची स्वतःची वस्ती उभी राहिली. हिशेब साधा आहे. जिवाणू दिवसातून एकदा दुप्पट होत असेल आणि पाणी अर्ध्या दिवसात समुद्राला मिळत असेल, तर संसार मांडायला सवडच नाही. तेच पाणी दहा दिवस थांबलं, तर एकाचे 1024 होऊ शकतात. अर्थात त्यांना खाणारे एकपेशीय जीव आणि विषाणू मध्ये असतातच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा इतका चढत नाही.

हा हिशेब मांडवीलाही लावून पाहावा. भरतीचा जोर इथे सुमारे 50 किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात लोंढा सगळं बाहेर लोटतो. पाऊस ओसरला की खारं पाणी पुन्हा हळूहळू आत सरकू लागतं आणि मुक्कामाचे दिवस वाढतात.

वाहत्या पाण्यातही थांबायची एक युक्ती जिवाणूंकडे आहे: चिकटणं. खारफुटीची मुळं, कालवांचे शिंपले, होडीचा तळ, जे मिळेल त्याला धरायचं. स्वच्छ काच पाण्यात सोडली, तरी काही तासांत पहिले जिवाणू तिच्यावर बसतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत लेप तयार करतात. ओहोटीला धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर पाय घसरतो, त्यात शेवाळाबरोबर या लेपाचाही हात असतो.